पोटखराब्यातला टी. रेक्स

जमीन घेताना आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च काढतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, कुळ होतं का, सोसायटीचा बोजा आहे का, एखादी आत्या हक्कसोडपत्रावर सही करायची राहिली आहे का, हे सगळं त्यात येतं. तीस वर्षं स्वच्छ निघाली की आपण पेढे वाटतो. माझ्या मते हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यात एका गुरं पाळणाऱ्या गृहस्थाच्या जमिनीत १९९० साली जो जुना कब्जेदार निघाला, तो सहा कोटी सत्तर लाख वर्षं तिथे पडून होता आणि त्याचं नाव कुठल्याही रकान्यात नव्हतं.

त्या कब्जेदाराचं नाव पुढे ‘सू’ पडलं. जीवाश्म खणून ते विकण्याचा धंदा करणारी ब्लॅक हिल्स इन्स्टिट्यूट नावाची एक खाजगी कंपनी त्या भागात काम करत होती. १२ ऑगस्टला त्यांच्या ट्रकचं चाक बसलं. मंडळी ते दुरुस्त करायला गावात गेली आणि सू हेंड्रिकसन नावाच्या बाई आपला कुत्रा घेऊन समोरच्या कड्याकडे फिरायला गेल्या. कड्याखाली हाडांचे तुकडे पडलेले होते आणि वर मातीतून मणके डोकावत होते. कुत्रा बरोबर असूनही हाड आधी बाईंना दिसलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुत्र्याला दिसलं असतं तर पुढचं एकही प्रकरण कोर्टात गेलं नसतं.

निघाला तो टिरॅनोसॉरस रेक्स, सुमारे ४० फूट लांब आणि तोवर सापडलेल्यांत सगळ्यात पूर्ण. कंपनीचे प्रमुख पीटर लार्सन यांनी जमीनमालकाला ५,००० डॉलरचा चेक दिला, मालकाने तो घेतला आणि कंपनीने हाडं काढून नेली. करार असा काही नव्हता. इसारपावती नाही, साक्षीदार नाहीत, स्टॅम्पपेपर नाही. आपल्याकडे म्हैस घेताना याहून जास्त कागद होतात.

हाडाची किंमत कळेपर्यंत सगळं शांत होतं. जमिनीच्या बाबतीत हा नियम जगभर सारखाच असावा. जमीन पडीक असते तेव्हा तिला एकच मालक असतो, तोही कंटाळलेला. तिथून हायवे जाणार अशी कुणकुण लागली की मालक दररोज वाढत जातात. इथे हायवेच्या जागी टी. रेक्स आला. मालक म्हणाला, मी हाडं विकलीच नव्हती, ५,००० डॉलर फक्त खणू देण्याचे होते. ती जमीन ज्या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रात येते, ती जमात म्हणाली की आमच्या परवानगीवाचून खणलंच कसं. (जमातीचं नावही सूच. या सूचा त्या सूशी काही संबंध नाही, पण खटल्याचे कागद वाचणाऱ्याची शांती भंग करण्याइतकं साम्य आहे.) तिसरा दावेदार निघालं खुद्द अमेरिकन सरकार. जमीन त्या गृहस्थाची असली तरी ती सरकारने त्याच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली होती. अशा जमिनीला कर लागत नाही. सरकार कर घेत नाही तेव्हा ते दुसरं काहीतरी घेणार आहे, हे अनुभवी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

१४ मे १९९२ रोजी एफबीआय आणि नॅशनल गार्डचे जवान हिल सिटी नावाच्या लहानशा गावात आले आणि हाडं पेट्यांमध्ये भरून घेऊन गेले. गावातली शाळकरी पोरं पाट्या घेऊन रस्त्यावर उभी राहिली होती. माझ्या वाचनात एफबीआयने मयताला ताब्यात घेतल्याची ही पहिलीच वेळ.

मग कोर्टापुढे आला मूळ प्रश्न, आणि तो मला जगातल्या सगळ्या कायद्यांमधला सगळ्यात गोड प्रश्न वाटतो. हाड म्हणजे नक्की काय? ती जंगम मालमत्ता की स्थावर? ज्या प्राण्याचं हाड, तो जिवंतपणी जंगम होता याबद्दल शंका नसावी, कारण तो लोकांच्या मागे धावत असे. लोक नसतील, पण कोणाच्या तरी मागे धावत असे. पण अपील कोर्ट म्हणालं की इतक्या कोटी वर्षांत ते हाड जमिनीचाच भाग होऊन गेलं आहे. म्हणजे ते स्थावर. म्हणजे हाड विकणं हे जमीन विकण्यासारखं. आणि विश्वस्त म्हणून धरलेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सबब, व्यवहार रद्द.

हे ऐकून मराठी माणूस चकित होणार नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे आपल्या महसूल संहितेत कलम ३६-अ मध्ये आहेच. फरक इतकाच की आपल्याकडे या कलमाखाली अजून कोणी डायनोसॉर परत केलेला नाही.

हाडं मालकाची ठरली. मग सरकारने, म्हणजे ज्याने ‘परवानगी घेतली नाही’ म्हणून हाडं जप्त केली त्याच सरकारने, लिलावाला परवानगी दिली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी न्यूयॉर्कला सदबीजमध्ये बोली लागली आणि दलालीसकट ८३ लाख ६० हजार डॉलरवर थांबली. तेव्हाच्या भावाने साधारण ३० कोटी रुपये. शिकागोच्या फील्ड म्युझियमने हाडं घेतली आणि एवढे पैसे संग्रहालयाकडे कुठले, म्हणून मॅकडोनाल्ड्स आणि डिस्ने यांनी हातभार लावला. हाडांच्या व्यवहारात मॅकडोनाल्ड्सने पैसे घालावेत यात मला विशेष काही वाटलं नाही, त्यांचा त्या विषयाशी जुना परिचय आहे.

पाच हजारांचे शहात्तर लाख झाले ते मालकाचे, दलाली वेगळी. खणणाऱ्याच्या वाट्याला काय आलं? तुरुंग. पीटर लार्सन यांच्यावर आणि त्यांच्या मंडळींवर सरकारने आरोपांची भली मोठी यादी ठेवली, आणि गंमत म्हणजे तिच्यात सूचं नाव नव्हतं. ज्युरीने बहुतेक आरोप बाजूला सारले. जे राहिले त्यातले मुख्य होते परदेशातून येता-जाताना रोख रक्कम आणि ट्रॅव्हलर्स चेक जाहीर न केल्याचे. त्यावर दोन वर्षांची शिक्षा. टी. रेक्सच्या तावडीतून सुटलेला माणूस कस्टमच्या फॉर्मात अडकला. ज्याला सहा कोटी वर्षांपूर्वीचा पत्ता शोधता येतो त्याला फॉर्मातला रकाना दिसू नये, हे मात्र मला पटण्यासारखं आहे. मोठी माणसं अशीच असतात.

आता थोडं पोटखराब्याबद्दल. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली ‘पोटखराबा’ असा एक रकाना असतो. नाले, खडक, चढ, बांध, जिथे नांगर जात नाही ती जागा. वाटणीत तो नेहमी त्या भावाच्या गळ्यात मारतात, ज्याची बायको सासूशी भांडली आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे मैलोन्मैल असा पोटखराबा आहे. तिथे गवत धड उगवत नाही, माती पावसाने सतत धुपते, आणि धुपते म्हणूनच खालची हाडं वर येतात. काळ्याभोर बागायतीत डायनोसॉर निघत नाही, निघाला तरी उसाखाली दिसणार कोणाला. तेव्हा थोरल्या भावाने विहिरीजवळचं रान घेतलं म्हणून धाकट्यांनी लगेच रडू नये.

मोंटाना राज्यातला एक खटला नेमका अशा जमिनीचा आहे आणि वाटणीचाच आहे. एका जोडप्याने २००५ साली दोघा भावांकडून त्यांच्या रँचचा उरलेला हिस्सा घेतला. भाऊ व्यवहारी होते. जमिनीवरचा हक्क त्यांनी विकला, पण खालच्या खनिजांवरचा दोन-तृतीयांश हक्क राखून ठेवला. उद्या तेल निघालं, वायू निघाला, तर? वर्षभरात खाली निघालं काय, तर एकमेकांना भिडलेल्या अवस्थेत पुरलेले दोन डायनोसॉर. एक तीन शिंगांचा ट्रायसेरॅटॉप्स आणि एक टी. रेक्सच्या कुळातला मांसाहारी. भांडता भांडता मेले असावेत असं धरून लोकांनी त्यांना ‘ड्युएलिंग डायनोसॉर्स’ म्हणायला सुरुवात केली. २०१३ साली ते न्यूयॉर्कला लिलावात ठेवले, ७० ते ९० लाख डॉलर येतील म्हणून. बोली ५५ लाखांवर अडकली आणि माल परत आला.

परत आलेल्या मालावरच भांडण पेटलं. भाऊ म्हणाले, हे खनिज आहे, सबब दोन-तृतीयांश आमचं. जोडपं म्हणालं, हे हाड आहे. आता रसायनशास्त्र विचाराल तर भाऊ चूक नव्हते. जीवाश्मात हाडाची जागा खनिजांनी घेतलेली असते, हे जोडप्यालाही मान्य होतं. जिल्हा कोर्टाने निकाल जोडप्याच्या बाजूने दिला: या वस्तूची किंमत तिच्यातल्या खनिजांमुळे नाही, तशाच खनिजांचं दुसरं हाड कवडीमोलही असू शकतं. मला हा युक्तिवाद अतिशय समजूतदार वाटला, म्हणून तो वरच्या कोर्टात टिकणार नाही अशी माझी खात्री होती. २०१८ साली अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की डायनोसॉर हे खनिज आहे.

या एका वाक्याने म्युझियमवाल्यांची झोप उडाली. त्या राज्यातून निघालेल्या हाडांच्या मालकीबद्दल शंका निर्माण झाली. जमीनमालकाची सही घेऊन काढलेला डायनोसॉर उद्या खनिजवाल्याचा निघाला तर? मोंटानाच्या विधिमंडळाने घाईघाईने २०१९ मध्ये कायदा केला की जीवाश्म म्हणजे खनिज नव्हे. पण तो कायदा चालू असलेल्या या खटल्याला लागू नव्हता. म्हणजे राज्यभरातले डायनोसॉर हाड आणि या दोघांचं तेवढं ठरायचं बाकी, अशी मधल्या काळात स्थिती होती. शेवटी प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० च्या मे महिन्यात ४ विरुद्ध ३ मतांनी निर्णय झाला: हाडच. एका न्यायाधीशाला त्या दिवशी वेगळं वाटलं असतं तर ट्रायसेरॅटॉप्स कोळशाच्या शेजारी जाऊन बसला असता.

नॉर्थ कॅरोलिनातल्या संग्रहालयाच्या मित्रमंडळाने मग ती जोडी ६० लाख डॉलरला घेतली. आणि २०२५ साली संशोधकांनी जाहीर केलं की तो मांसाहारी टी. रेक्सचं पिल्लू नव्हताच, तो नॅनोटिरॅनस नावाचा वेगळाच, लहान चणीचा, पण वयात आलेला प्राणी होता. सगळे ज्याच्या मालकीसाठी कोर्टात भांडले त्याचं नावच जवळजवळ वीस वर्षं नक्की झालेलं नव्हतं. आपल्याकडे नावाची दुरुस्ती तलाठी कार्यालयात होते आणि तिलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

भावांचा विषय निघाला आहे तर ब्लॅक हिल्समध्ये परत जायला हवं. लार्सन यांच्या कंपनीत पीटर आणि नील असे दोघे भाऊ होते आणि पुढे त्यांचं बिनसलं. नील कोर्टात गेले. कंपनीकडे रोकड नव्हती, पण ‘स्टॅन’ नावाचा एक उत्तम टी. रेक्स होता. निवाडा असा झाला की धाकट्याच्या हिश्श्यापोटी स्टॅन द्या. एरवी वाटणीत पितळी घंगाळ कोणी घ्यायचं यावरून भाऊ दहा वर्षं बोलत नाहीत, इथे ४० फुटी सांगाडा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ख्रिस्टीजने तो लिलावात काढला. ६० ते ८० लाखांचा अंदाज होता, आले ३ कोटी १८ लाख डॉलर. आता स्टॅन अबू धाबीत असतो. कंपनीने एक शहाणपण केलं होतं, स्टॅनचे साचे करून प्रतिकृती विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. २०२२ साली हाँगकाँगमध्ये ‘शेन’ नावाचा दुसरा एक टी. रेक्स विकायला आला, तेव्हा कंपनीच्या लोकांना त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. काही हाडं स्टॅनच्या प्रतिकृतीची असल्याचा प्रश्न उपस्थित झाला आणि ख्रिस्टीजने लिलाव मागे घेतला. माणूस गेला तरी त्याचा चेहरा पोरात दिसतो म्हणतात, तसं.

जमीन खाजगी असली की अमेरिकेत हाड मालकाचं, हे तत्त्व सगळ्या जगाला मान्य नाही. मंगोलियात ते देशाचं. तिथला एक सांगाडा २०१२ साली न्यूयॉर्कला दहा लाख डॉलरच्या वर विकला गेला तेव्हा मंगोलियाने आक्षेप घेतला आणि अमेरिकन सरकारने जो दावा लावला त्यात प्रतिवादी होता खुद्द सांगाडा. खटल्याचं नावच ‘अमेरिका विरुद्ध एक टिरॅनोसॉरस बटार सांगाडा’. प्रतिवादी हजर राहिला, त्याने एकदाही तारीख मागितली नाही आणि पुढच्या वर्षी तो मायदेशी गेला. निकोलस केज या नटाने अशाच एका कवटीसाठी २,७६,००० डॉलर मोजले होते, तीही त्याला २०१५ मध्ये परत करावी लागली.

सगळ्यात सुखी माणूस मला कोलोरॅडोतला वाटतो. हाडं शोधण्याचाच व्यवसाय करणाऱ्या त्या गृहस्थाला २०२२ साली स्वतःच्याच जमिनीत ‘एपेक्स’ नावाचा स्टेगोसॉरस सापडला. खणणारा तोच, मालक तोच. २०२४ साली तो ४ कोटी ४६ लाख डॉलरला गेला, म्हणजे सुमारे ३७० कोटी रुपयांना. घेणारे अब्जाधीश केन ग्रिफिन. ज्या गावाजवळ हे घडलं त्या गावाचं नाव डायनोसॉर. अशा नावाच्या गावात जमीन घ्यावी, एवढं साधं आपल्याला सुचत नाही. आपण घेतो ती फेज टू मधली.

हे सगळं मी आमच्या मामांना सांगितलं. मामांची शेती वरोऱ्याकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. त्याच तालुक्यातलं पिसदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक आहे. मामांनी ३७० कोटींचा आकडा दोनदा म्हणून घेतला.

“आपल्याकडे निघते का काही?” ते म्हणाले.

“निघतं ना. पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं सापडली आहेत. पण जास्त नाव झालं ते शेणामुळे.”

“कशाचं?”

“डायनोसॉरचं. दगड झालेलं. त्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि २००५ साली सिद्ध झालं की डायनोसॉरच्या काळात गवत होतं. तोवर शास्त्रज्ञ मानत नव्हते.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. सगळ्यांच्या वाट्याला टी. रेक्स आणि आपल्या वाट्याला शेण, हा विचार विदर्भात लगेच पटतो.

मग आम्ही हिशेब मांडला. समजा, मामांच्या पोटखराब्यात एक अख्खा सांगाडा निघाला. पहिल्यांदा पोलीस पाटील येणार, कारण जेसीबीवाल्याला हाड म्हणजे हाड. माणसाचं नाही हे सिद्ध होईपर्यंत ते प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून नोंदायला हवं आणि पंचनामा व्हायला हवा. पंचनाम्यात ‘मयताचे अंदाजे वय’ हा रकाना जमादार कसा भरेल ते मला पाहायचं आहे. ते संपलं की महसूल खातं. महसूल संहितेचं कलम ४८ सांगतं की खनिजांवरचा हक्क सरकारचा, जमीन कोणाचीही असो. मोंटानात चार विरुद्ध तीन झाले तो वाद आपल्याकडे तहसीलदार चहा संपायच्या आत मिटवू शकतात. आणि १८७८ सालचा निखातनिधीचा कायदा अजून आहेच. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू दहा रुपयांच्या वरची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहाचा हा आकडा जवळजवळ दीडशे वर्षांत वाढवलेला नाही, एवढी सवलतही त्यात मिळालेली नाही. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाने दावा सांगितला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा मालकाला.

“म्हणजे जेसीबीवाल्याला तीन आणि मला एक?” मामा उठून बसले. “डिझेल माझं आहे!”

मी त्यांना धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावाची गोष्ट सांगितली. तिथे शेतात सापडलेले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पिढ्यान्पिढ्या पुजत होते, शेताचं आणि गुरांचं रक्षण करतात म्हणून. लखनौच्या एका संस्थेतले तज्ज्ञ आले आणि २०२३ साली उघड झालं की ती डायनोसॉरची अंडी आहेत. ना एफबीआय, ना खनिज, ना लिलाव. शेंदूर आणि नारळ.

मामांना हा कायदेशीर मार्ग पसंत पडला. देवस्थान केलं की इनाम वर्ग तीन, मोजणी नाही, वाटणी नाही, जेसीबीवाल्याचा हिस्सा नाही. मामी आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, शेणाचं काय करणार ते आधी बोला, तेच निघण्याचा संभव जास्त आहे.

“शेण आपलंच,” मामा म्हणाले. “शेणाला खनिज कोण म्हणंल?”

मी त्यांना सांगितलं की फॉस्फेट असलेल्या जुन्या शेणाच्या खाणी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या आसपास चालत, खतासाठी ते टनावारी काढत आणि जमीनमालक त्याची रॉयल्टी घेत. पुढे कळलं की त्यातलं बरंचसं शेण नव्हतंच, साध्या गाठी होत्या. मामांनी टनाचा भाव विचारला.